पावतीवर सही कोणाची?

आई-बाबा भारतातून आले की त्यांना वॉशिंग्टन दाखवायला नेणं हे आम्हा व्हर्जिनियातल्या मराठी लोकांचं ठरलेलं काम आहे. व्हाइट हाउसच्या कुंपणाबाहेर फोटो, लिंकनच्या पायऱ्यांवर फोटो, आणि मग कॅपिटलची, म्हणजे इथल्या संसदेच्या इमारतीची, फुकट टूर. आत खायचं काही नेता येत नाही, त्यामुळे मेथीच्या पराठ्यांचा डबा आधी बाहेर हिरवळीवर बसून संपवायचा. मी ही वारी पाच-सहा वेळा तरी केलीये, आणि दरवेळी आतल्या त्या मोठ्या हॉलमध्ये, इमॅन्सिपेशन हॉल, म्हणजे मुक्ती-हॉल, म्हणतात त्याला, गाइडची वाट बघताना एका दगडापुढून मोबाइल बघत निघून गेलोय. मागच्या उन्हाळ्यात बाबा मात्र तिथे थांबले.

दगड तसा काही बघण्यासारखा नाही. वाळूचा दगड, कॅपिटलच्या जुन्या बांधकामातून निघालेला, वर टाकीच्या खुणा तशाच ठेवल्यात. पाटीवर लिहिलंय ते साधारण असं, की हा दगड १८२४-२६ मध्ये बांधलेल्या पूर्वेकडच्या भागातला आहे, तो मजुरांनी खाणीतून काढला, त्यांच्यात गुलाम असलेले आफ्रिकन अमेरिकन लोकही होते, आणि कॅपिटलच्या बांधणीतल्या त्यांच्या महत्त्वाच्या भूमिकेची ही आठवण. बाबांनी मला ती पाटी दोनदा मराठीत सांगायला लावली, आणि मग विचारलं, "मजूर होते ना, मग मस्टर असेल की. पैसे घेतल्याची सही कोणाची आहे?"

हा प्रश्न कुठून आला ते सांगायला हवं. ७२ च्या दुष्काळात बाबा नुकतेच हजेरी सहाय्यक म्हणून लागले होते, खडी फोडायच्या कामावर सकाळी मस्टर भरायचं आणि आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी पगारवाटप करायचं. तेव्हापासून त्यांचं एक पक्कं मत आहे, की कामावर माणूस खरंच होता की नाही हे नावाच्या रकान्यात कळत नाही, अंगठ्याच्या रकान्यात कळतं. नाव काय, मुकादम कोणाचंही लावतो. पैसे कोणाच्या हातात पडले ते बघायचं.

मी म्हटलं, बाबा, सही मालकाची. ते काही बोलले नाहीत, पण टूरभर त्यांचं लक्ष नव्हतं. आणि मला तेव्हापासून वाटायला लागलंय की गुलामांच्या स्मारकांबद्दल इथे जी एवढी चर्चा चालते, तिच्यात हा एवढा साधा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

आता थोडा हिशेब. पोटोमॅकच्या काठी नवी राजधानी उभारायचं ठरलं तेव्हा तिथे शेतं, झाडी आणि चिखल होता आणि मजूर मिळत नव्हते. काम बघायला तीन कमिशनर नेमलेले होते. एप्रिल १७९२ मध्ये त्यांनी ठराव केला की चांगले काम करणारे नीग्रो वर्षाच्या बोलीने भाड्याने घ्यावेत, कपडे मालकाने द्यावेत आणि प्रत्येकाला एक घोंगडी द्यावी, खाणं कमिशनरांकडून, आणि वर्षाला २१ पौंड. हे २१ पौंड मालकाला, सांगायला नकोच. बाबांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले ही तर बैलजोडीची बोली झाली. वैरण भाड्याने नेणाऱ्याची, झूल मालकाची. मला ह्याच्यापेक्षा नेमकं वर्णन अजून कुठे सापडलेलं नाही. आपल्याकडे वेठबिगार होती, वाईटच होती, पण वेठीला धरलेला माणूस काम संपलं की निदान स्वतःच्या नावाने आपल्या घरी परत जायचा. इथे माणूसच दुसऱ्याच्या मालकीचा, आणि सरकार त्याचं भाडेकरू.

१८ सप्टेंबर १७९३ ला जॉर्ज वॉशिंग्टनने कॅपिटलची कोनशिला बसवली, ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे बघितलेलं असेल. त्यापुढची जी हिशेबाची कागदपत्रं आहेत त्यात १७९५ ते १८०१ एवढ्याच काळात 'नीग्रो हायर', म्हणजे नीग्रोंचं भाडं, म्हणून दिलेल्या रकमांच्या ३८५ नोंदी आहेत. दर साधारण माणशी महिना पाच डॉलर. झाडं तोडणं, दगड काढणं, वाहणं, विटा पाडणं, लाकडं कापणं, सुतारकाम, सगळं आलं त्यात. व्हाइट हाउसच्या कामावर १७९५ च्या पगारपत्रकात पीटर, टॉम, बेन, हॅरी, डॅनिएल असे सुतार आहेत, आडनाव नाही, आणि त्यातले बरेचसे कोणाच्या मालकीचे तर जेम्स होबन ह्यांच्या. म्हणजे ज्यांनी व्हाइट हाउसचा आराखडा काढला तेच. आर्किटेक्ट स्वतःच्याच साइटवर स्वतःचे गुलाम भाड्याने लावतोय आणि महिन्याच्या महिन्याला पैसे घेतोय. आज कुठल्या सरकारी कामात असं निघालं तर आपण त्याला काय म्हणू ते मी लिहीत नाही.

हे सगळं काही कोणी लपवून ठेवलेलं नव्हतं. कागद सरकारच्याच दप्तरात पडून होते. २००० साली कॅपिटलला दोनशे वर्षं होत होती तेव्हा एका टीव्ही पत्रकाराने ह्या नोंदी बातमीत आणल्या, मग काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, टास्क फोर्स नेमला, कृष्णवर्णीय खासदार जॉन लुईस त्याचे अध्यक्ष, २००५ मध्ये कॅपिटलच्या आर्किटेक्टच्या ऑफिसचा अहवाल आला, २००७ मध्ये कायदा करून नव्या हॉलचं नाव इमॅन्सिपेशन हॉल ठेवलं, २०१० मध्ये पाट्या बसल्या आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये हा दगड. एका दगडाला बारा वर्षं. सरकारी काम सगळीकडे सारखंच.

दगडाची निवड मला मनापासून आवडली, हे आधी सांगतो. ब्राँझचा साखळदंड तोडणारा पुतळा उभा करणं सोपं होतं, असे पुतळे ढिगाने आहेत आणि त्यांच्याकडे कबुतरं सोडून कोणी बघत नाही. त्याऐवजी ज्या दगडावर खरोखर हात पडले तोच दगड ठेवला, घासूनपुसून गुळगुळीत न करता. माझी तक्रार आहे ती शब्दांबद्दल. 'महत्त्वाची भूमिका' म्हणा, किंवा भाषणांमध्ये सारखं येतं तसं 'योगदान' म्हणा. योगदान म्हणजे आपण गणपतीच्या वर्गणीला देतो ते हो, स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या मर्जीने. ज्याच्या मेहनतीचे पैसे तिसराच घेऊन जातोय त्याने 'योगदान दिलं' म्हणणं म्हणजे चोरीला गेलेल्या सायकलीला देणगी म्हणण्यासारखं आहे. त्या शब्दाने काय होतं, तर गुलाम हा देणारा होतो, देश हा घेणारा होतो, दोघांमध्ये एक छान भावुक नातं तयार होतं, आणि मधला जो माणूस दर महिन्याला पाच डॉलर मोजून घेत होता तो गायब. मालक कुठल्याच पाटीवर नाही. वाक्यच असं बनवलेलं असतं की त्याची गरज पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या दगडाशेजारी त्या ३८५ पैकी एक पावती लावा. मोठी करून, वाचता येईल अशी. कामावर कोण होता, त्याच्या पुढे रक्कम, आणि खाली सही कोणाची. बाकी काही लिहू नका, 'आम्ही कृतज्ञ आहोत' नको, 'विसरणार नाही' नको.

ह्याला एक व्यावहारिक कारणही आहे. मार्च २०२५ मध्ये व्हाइट हाउसमधून आदेश निघाला, की केंद्र सरकारच्या इंटिरियर खात्याच्या जागांवरच्या पाट्या आणि स्मारकं तपासा, अमेरिकन लोकांना, जिवंत असोत वा जुने, कमी लेखणारा मजकूर तिथे नको. आदेश योग्य की अयोग्य ह्यावर मी इथे भांडत बसत नाही, माझं मत तुम्हाला कळलंच असेल. पण एक गोष्ट बघा, भावनेची भाषा कोणीही येऊन बदलू शकतो. आज 'वेदना' लिहिलं, उद्या 'योगदान', परवा 'सहभाग', तेरवा पाटीच नाही. हिशेबाच्या कागदाचं तसं नसतं. सरकारच्याच कारकुनाने सरकारच्याच वहीत लिहिलेली नोंद कोणाला कमी लेखते असं म्हणायचं झालं तर आधी तो कारकून देशद्रोही ठरवावा लागेल.

आता आक्षेप. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी दगडाचा फोटो टाकला तर तासाभरात सगळे आले. त्या काळात सगळेच ठेवायचे गुलाम, आजच्या चष्म्यातून कशाला बघायचं, हा पहिला. सगळेच नाही ठेवायचे. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच गुलामी हळूहळू बंद करायचा कायदा केला होता, आणि बाहेरून आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर मोकळा व्हायचा. राजधानी त्याच राज्यातल्या फिलाडेल्फियात होती तेव्हा प्रेसिडेंट वॉशिंग्टन सहा महिने भरायच्या आत आपली माणसं राज्याबाहेर नेऊन परत आणायचे. म्हणजे चष्मा त्यांच्याकडेही होता की, फक्त तो लागू नये म्हणून धडपड चालली होती.

दुसरा, त्यांना जेवणखाण व्यवस्थित मिळायचं. हे आमच्या ग्रुपचं ओरिजिनल नाही. २०१६ मध्ये मिशेल ओबामा भाषणात म्हणाल्या की मी रोज सकाळी गुलामांनी बांधलेल्या घरात उठते, त्यावर टीव्हीवरच्या बिल ओ'रायलींनी हेच सांगितलं होतं, पोटभर खायला होतं आणि राहायची सोयही ठीकठाक होती म्हणून. ह्यावर मी वेगळं काही लिहीत नाही, वरची बैलजोडी पुन्हा वाचा.

तिसरा, आपल्याला काय त्याचं, आपण तर शिकून-सवरून व्हिसावर आलो. हा मात्र मला लागतो, कारण हा माझाही बरीच वर्षं होता. आपण आलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याआधी भारतातून वर्षाला मोजून शंभर माणसं घ्यायचा कोटा होता. आणि १९६५ चा कायदा पास झाला तो १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याच्या पाठोपाठ, त्याच वातावरणात, आणि ते वातावरण ज्यांनी लाठ्या खाऊन तयार केलं ते ह्याच मजुरांचे पणतू-खापरपणतू. टास्क फोर्सचे अध्यक्ष जॉन लुईस ह्यांचं डोकं सेल्माच्या पुलावर, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात, पोलिसांच्या लाठीने १९६५ मध्येच फुटलं होतं. तेव्हा 'आपला संबंध नाही' हे वाक्य आपण म्हणू शकतो तेसुद्धा त्यांच्यामुळे.

आणि एक आक्षेप ग्रुपवर कोणी घेतला नाही पण सगळ्यात खरा तोच आहे, की दगड-पाट्या लावणं फुकटात पडतं, भरपाई द्यायची वेळ आली की सगळे छताकडे बघतात. बरोबर आहे. फक्त लोकांना वाटतं की अमेरिकेने भरपाई कधी दिलीच नाही, तर तसं नाही, दिली. १६ एप्रिल १८६२ ला लिंकननी सही करून वॉशिंग्टन शहरातले तीन हजारांहून जास्त गुलाम मोकळे केले आणि त्याबद्दल भरपाई दिली ती मालकांना, माणशी सरासरी तीनशे डॉलरपर्यंत. जो मोकळा झाला त्याला काय, तर देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जायला तयार असशील तर शंभर डॉलरपर्यंत. म्हणजे सुरुवातीला भाडं मालकाला आणि शेवटी नुकसानभरपाईही मालकाला. सही दोन्हीकडे एकाच बाजूची. हे भिंतीवर लिहिलं तर भरपाईच्या चर्चेत 'असं कधी कुठे होतं का' हा प्रश्न तरी बंद होईल, स्मारकाने एवढं काम केलं तरी पुष्कळ.

नावं मिळत नाहीत मग लावणार काय, असंही म्हणतात. शार्लट्सव्हिलला जाऊन बघा, आमच्या इथून दोन-अडीच तास. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने तिथे ग्रॅनाइटचं मोठं कडं उभं केलंय, २०२० मध्ये काम पूर्ण झालं. युनिव्हर्सिटी बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या साधारण चार हजार गुलामांपैकी ५७८ जणांची नावं सापडली, आणखी ३११ जणांचं फक्त काम किंवा नातं, म्हणजे 'आजी', 'लोहार' असं. बाकी सगळ्यांसाठी दगडात एकेक आडवा काप. नाव नाही तर काप, पण जागा प्रत्येकाला. बाबांना मी फोटो दाखवला तर म्हणाले, "हे बरोबर. हजर आहे पण नाव माहीत नाही, तरी रेघ मारायची."

बाबांचा दगडातला इंटरेस्ट बघून पुढच्या शनिवारी त्यांना गव्हर्नमेंट आयलंडला घेऊन गेलो. स्टॅफर्ड काउंटीत, अक्वाया खाडीत ही जागा आहे, आता तिथे छोटा ट्रेल केलाय, लोक कुत्री फिरवतात. १७९१ मध्ये सरकारने हे बेट दगडासाठीच विकत घेतलं. इथून काढलेला दगड होड्यांतून पोटोमॅकने वर जायचा. दगड ठिसूळ, पाणी पिणारा, थंडीत फुटेल म्हणून व्हाइट हाउसला १७९८ मध्ये चुन्याचा हात मारला, पांढरेपणाची सुरुवात तिथली. बेटावर खाणीच्या भिंतीत अजून टाकीचे सरळ उभे घाव दिसतात, हाताने चापसले की बोट खाचेत बसतं. बाबांनी चपला काढल्या नाहीत एवढंच, बाकी ते देवळात वागतात तसेच वागले. मग म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात."

शाळेत ह्या म्हणीवर निबंध लिहिलाय मी, पण तिथे डास मारत उभा असताना पहिल्यांदा लक्षात आलं, की ह्या म्हणीत सगळं कौतुक दगडाचं आहे. दगड सोसतो, दगडाला देवपण. टाकी धरणारा आहे कुठे? त्याच्या हाताला घट्टे पडतात, धूळ छातीत जाते, देवळात त्याला आत घेतील का ह्याचीही खात्री नाही. रायगडावर हिरोजी इंदुलकरांची पायरी आपण दाखवतो आणि ते योग्यच आहे, पण ते बांधणीचे प्रमुख होते, ती पायरी ज्याने घडवली त्याचं नाव मलाही सांगता येणार नाही. कोणाची बरोबरी करत नाहीये, स्वराज्याचा पाथरवट कोणाचा विकत घेतलेला माणूस नव्हता. पण डोळ्यांना सवय एकच, कळसाकडे बघायची.

आपला आणि ह्या विषयाचा एक जुना धागाही आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना मुक्त करायला कष्ट घेतले. पुण्यात बसून त्या काळात हे सुचणं म्हणजे केवढी झेप आहे, आणि त्यांना हवं होतं ते हे, की इथल्या लोकांनी तो कित्ता गिरवावा. पण दीडशे वर्षांनी एवढं तर विचारता येईल, की मुक्त करणाऱ्यांचे आभार मानून झाले, आता ज्यांना मुक्त व्हावं लागलं त्यांचा हिशेब कधी? इमॅन्सिपेशन हॉल हे नावसुद्धा मला ह्याच चालीचं वाटतं. मुक्तीचं नाव दारावर, आणि ज्यापासून मुक्ती ती एका पाटीवर.

त्याच हॉलमध्ये एक भलंमोठं पांढरं प्लास्टरचं शिल्प आहे, फ्रीडम नावाच्या पुतळ्याचा मूळ साचा. ब्राँझचा पुतळा वर घुमटावर, साडेएकोणीस फूट उंच. आधीच्या एका आराखड्यात तिच्या डोक्यावर रोमन काळातली मुक्त झालेल्या गुलामाची टोपी होती. तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस, ज्यांच्याकडे कॅपिटलचं काम होतं आणि जे पुढे गुलामी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेचे प्रेसिडेंट झाले, त्यांना ती टोपी खपली नाही, म्हणून आज तिच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि पिसं आहेत, खालून बघितलं तर कोंबडीसारखी दिसतात. आणि हा पुतळा ओतला कुठे, तर शिल्पकार क्लार्क मिल्सच्या भट्टीत, जिथे फिलिप रीड नावाचा गुलाम काम करत होता. मिल्सने त्याला चार्ल्स्टनमध्ये बाराशे डॉलरला घेतलेला. प्लास्टरचा साचा सुटा कसा करायचा हे ज्या इटालियन कारागिराला माहीत होतं तो पगार वाढवल्याशिवाय सांगायला तयार नव्हता, तेव्हा रीडने कप्पी लावून, डोक्याच्या कडीत दोर अडकवून हळूहळू ताण दिला आणि जिथे बारीक चीर दिसली तिथे सांधा आहे हे ओळखलं. काय डोकं असेल बघा. १८६२ च्या त्या भरपाईच्या अर्जात मिल्सने लिहिलंय की दिसायला खास नाही पण बुद्धीने हुशार, आणि त्याचे दीड हजार डॉलर मागितले, मिळाले ३५० डॉलर ४० सेंट.

आठवड्याचे सहा दिवस रीडचे पैसे मिल्सला जायचे. रविवारी मात्र साच्यांखालची भट्टी पेटती ठेवायला तो जायचा त्याचे सव्वा डॉलर सरकार थेट त्याला द्यायचं. जुलै १८६० ते मे १८६१ मध्ये असे ३३ रविवार भरले. एकूण ४१ डॉलर २५ सेंट, हातात पडले जून १८६२ मध्ये, तोपर्यंत तो मोकळा झाला होता. त्या पावतीवर पैसे घेणाऱ्याच्या जागी सही नाही, एक फुली आहे. X. त्याला लिहिता येत नव्हतं.

हे मी बाबांना परतीच्या गाडीत सांगितलं, आय-९५ वर नेहमीसारखं सगळं ठप्प होतं. ते बराच वेळ पुढच्या ट्रककडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे अंगठा. एक तरी आहे." आणि थोड्या वेळाने, "त्याची झेरॉक्स मिळते का रे?"